तेल लपवणारा चिखल आणि त्याला बोलतं करणारी माणसं

आजच्या भागात आकडे जरा जास्त आहेत. ज्यांना ऐकून झाल्यावर निवांत वाचायचं आहे, त्यांच्यासाठी हे लिखित रूप.

सुरुवात ओळखीच्या दृश्यापासून करू. गावात बोअरची गाडी आली आहे. कॉम्प्रेसर धडधडतोय, जमिनीतून भुकटीचा लोट बाहेर पडतोय. भोवती उभी असलेली माणसं काय बघत असतात? मशीनकडे कुणाचं लक्ष नसतं, सगळ्यांचे डोळे त्या भुकटीवर. आधी मुरूम, मग काळ्या पाषाणाची राखाडी पूड, मध्येच एखादा लालसर थर आणि मग अचानक भुकटी ओली होऊन चिखल उडायला लागतो. लागलं पाणी! दोनशे फूट खाली काय आहे ते कुणीच पाहिलेलं नसतं. जे वर आलं त्यावरून खालचं ओळखलं, एवढंच.

आता हेच दोन-तीन किलोमीटर खोल न्या आणि पाण्याच्या जागी तेल ठेवा. भुकटी वर फेकणारी हवा काढा आणि तिच्या जागी जड, दाट चिखल फिरवा. तत्त्व तेच, पण इथे एक मेख आहे. बोअरमध्ये पाणी लागलं की ते हवेबरोबर लगेच वर उसळतं. तेलविहिरीतल्या चिखलाचं मुख्य कामच मुळी तेलाला वर येऊ न देणं हे असतं. म्हणजे ज्या चिखलाने तेल दाबून लपवायचं, त्याच चिखलाला विचारायचं की बाबा रे, खाली तेल आहे का?

या उलट्या प्रश्नाचं उत्तर शोधायला शंभरेक वर्षं लागली. आजची गोष्ट त्या शोधाची.

चिखल नव्हता तेव्हा

२७ ऑगस्ट १८५९. अमेरिकेत पेनसिल्व्हेनिया राज्यातल्या टायटसव्हिल गावी एडविन ड्रेक यांची विहीर साडेएकोणसत्तर फुटांवर पोचली आणि तेल लागलं. तेव्हाची पद्धत सोपी होती. दोराला बांधलेली जड लोखंडी छिन्नी वर उचलायची आणि दाणकन खाली सोडायची. दगड फुटला की छिन्नी बाहेर काढून लांबट भांड्याने चुरा उपसायचा, मग परत छिन्नी. काम मंदगती, पण भोक जवळजवळ रिकामं असायचं. त्यामुळे तेलाचा थर फुटला की तेल सरळ भोकात उतरायचं. ते दिसायचं, त्याचा वास यायचा. शंकेला जागाच नव्हती.

ही पद्धत कडक दगडात चालायची. मऊ, ढासळणाऱ्या वाळूत मात्र भोक टिकायचंच नाही.

टेक्सासमध्ये बोमाँट गावाजवळच्या स्पिंडलटॉप टेकडीवर हीच अडचण आली. अँथनी लुकास नावाचा खाणतज्ज्ञ तिथे तेल आहे म्हणून हटून बसला होता. खोदाईला आणले हॅमिल बंधू आणि त्यांचं रोटरी यंत्र. म्हणजे पोकळ पाईपच्या टोकाला दात असलेलं बिट लावायचं, पाईप गोल फिरवायचा आणि पाईपमधून पाणी खाली सोडायचं. पाणी बिटच्या तोंडातून बाहेर पडतं आणि पाईप व भोकाची भिंत यांच्या मधल्या फटीतून चुरा घेऊन वर येतं. पण वाळू इतकी सैल होती की नुसत्या पाण्याने भिंत उभी राहीना. मग पाण्याऐवजी चिखल वापरला. तिथली सांगोवांगीची गोष्ट अशी की त्यांनी डबक्यात गुरं हाकली आणि गुरांच्या खुरांनी तुडवून चिखल तयार केला. गोष्टीत मीठमसाला असेल, पण चिखलाने काम केलं हे खरं. चिखलातली माती भिंतीवर लिंपली गेली, सारवल्यासारखी, आणि भोक टिकलं.

१० जानेवारी १९०१ ला त्या विहिरीतून तेलाचं कारंजं उडालं. दीडशे फुटांच्या वर. नऊ दिवस ते आवरता आवरेना. रोज सुमारे एक लाख बॅरल तेल उडत होतं असा त्या काळचा अंदाज आहे. लोकांनी ते कारंजं बघायला गर्दी केली. पण आपल्या गोष्टीच्या दृष्टीने महत्त्वाचा आहे तो चिखल. त्यानंतर रोटरी आणि चिखल ही जोडी तेलाच्या धंद्यात पक्की झाली.

तेल दाबून ठेवायचं तर ओळखायचं कसं?

कारंजं फोटोत छान दिसतं, पण ते म्हणजे अपघात. तेल वाया जातं, आग लागते, माणसं मरतात. मग १९२० च्या दशकात चिखल मुद्दाम जड करायला सुरुवात झाली. त्यात बॅराइट नावाच्या वजनदार खनिजाची पूड घालायची. आंध्र प्रदेशात मंगमपेट आहे ना, तिथे या बॅराइटचा जगातल्या मोठ्या साठ्यांपैकी एक साठा आहे आणि तो माल आजही तेलविहिरींसाठीच परदेशी जातो.

हिशोब सोपा आहे. दहा मीटर पाण्याचा स्तंभ साधारण एक वातावरण एवढा दाब देतो. दोन हजार मीटर खोलीवर खडकातल्या द्रवाचा दाब समजा दोनशे वातावरण आहे. तुम्ही पाण्याच्या सव्वापट जड चिखल भरलात तर भोकातला दाब होतो अडीचशे. म्हणजे खडक बाहेर ढकलतोय दोनशेने आणि चिखल आत रेटतोय अडीचशेने. तेल बापडं गप्प बसतं.

विहीर सुरक्षित झाली, पण आंधळीही झाली. बिट तेलाच्या थरातून आरपार निघून गेलं तरी वर काहीच घडत नाही. छिन्नीवाल्या जुन्या जाणत्यांचा रोटरीवर हाच राग होता: तुमचा चिखल तेलाच्या वाळूचं तोंडच बुजवतो, मग तेल सापडणार कुठून? त्यांचं म्हणणं अगदीच चूक नव्हतं.

तरी चिखल पूर्ण मुका नसतो. तो तीन बातम्या वर आणतो. पहिली, दगडाचा चुरा, म्हणजे कटिंग्ज. दुसरी, वायू. बिटने जेवढा दगड दळला, त्या दगडाच्या छिद्रांत अडकलेलं तेल आणि वायू चिखलात मिसळून वर येतात. खडकातून नवीन तेल येत नसलं तरी दळलेल्या दगडातलं तर येतंच ना! आणि तिसरी बातमी म्हणजे खुद्द चिखलाचं प्रमाण. जितका खाली पाठवला तितका परत आला का? कमी आला तर खाली भेगा किंवा पोकळ्या असतील आणि चिखल त्यात मुरतोय. जास्त आला तर खालून काहीतरी आत शिरतंय.

पण या बातम्या किती पातळ असतात बघा. साडेआठ इंची भोकात एक मीटर खोदलं की सुमारे ३६ लिटर दगड निघतो. त्यात वीस टक्के छिद्रं धरली तर तेल-वायूला जागा झाली जेमतेम सात लिटर. ताशी दहा मीटर वेगाने तो एक मीटर खोदायला सहा मिनिटं लागतात. तेवढ्या वेळात पंपाने, मिनिटाला १,६०० लिटर या हिशोबाने, ९,६०० लिटर चिखल फिरवलेला असतो. सात लिटरची बातमी साडेनऊ हजार लिटरमध्ये विरघळलेली! नशीब एवढंच की वायू वर येताना दाब कमी होतो तसा प्रचंड फुगतो, म्हणून हाती लागतो.

उशिरा येणारी बातमी

दुसरी अडचण वेळेची. आम्ही सॉफ्टवेअरवाले दिवसभर लॉग वाचत असतो. घटना कधी घडली आणि तिची नोंद आपल्यापर्यंत कधी आली, या दोन वेळा वेगळ्या असतात हे आम्हाला पहिल्याच नोकरीत कळतं. तेलविहिरीत हा फरक मिलीसेकंदांचा नसून अर्ध्या तासाचा असतो.

तोही मोजू. साडेआठ इंची भोक आणि पाच इंची पाईप यांच्या मधल्या फटीत दर मीटरला २४ लिटर चिखल मावतो. दोन हजार मीटर खोलीला झाला ४८,००० लिटर. पंप मिनिटाला १,६०० लिटर ढकलत असेल तर तळाचा चिखल वर यायला ३० मिनिटं लागणार. याला म्हणतात लॅग. तुम्ही आत्ता हातात घेतलेला चुरा अर्ध्या तासापूर्वीचा आहे. दरम्यान बिट आणखी पाच मीटर खाली गेलंय.

हा हिशोब कागदावर ठीक, पण भोक खरंच सगळीकडे साडेआठ इंची आहे का? कुठे भिंत ढासळून पोट सुटलं असेल तर? ते तपासायची युक्ती मला फार आवडते. कॅल्शियम कार्बाइड. हो, तेच, आंबे पिकवायला वापरतात म्हणून आपल्याकडे ज्याच्यावर बंदी आहे ते! पाईपची जोडणी चालू असताना कार्बाइडची पुडी पाईपमध्ये टाकायची. चिखलातल्या पाण्याशी संयोग झाला की ॲसिटिलीन वायू तयार होतो. तो आधी पाईपमधून खाली जातो, आपल्या उदाहरणात साधारण बारा मिनिटं, आणि मग फटीतून वर येतो. वरच्या वायूमापकात उसळी दिसली की घड्याळ बघायचं. ४२ मिनिटांनी आली तर हिशोब बरोबर. ५० मिनिटांनी आली तर समजायचं की भोक ठरल्यापेक्षा रुंद झालंय. एका पुडीने लॅगही कळतो आणि न दिसणाऱ्या भोकाचं आकारमानही. काही ठिकाणी याच कामासाठी तांदूळसुद्धा टाकत: चाळणीवर तांदळाचे दाणे दिसले की वेळ नोंदवायची.

१९३९: नाकाच्या जागी तार

रोटरी आल्यानंतर पहिली काही दशकं हे सगळं ज्ञान माणसाच्या अंगात होतं. अनुभवी खोदाईवाला चिखलाचा वास घेई, बोटावर चोळून बघे, खारटपणा कळावा म्हणून चाटूनही बघे. चिखलावर इंद्रधनुषी तवंग दिसतो का ते पाही. पण असं ज्ञान तोंडी राहतं. पाळी बदलली, माणूस घरी गेला की त्याचं नाकही त्याच्याबरोबर घरी.

विजेने मोजमाप करायची वाट निघाली होती. ५ सप्टेंबर १९२७ ला फ्रान्समधल्या अल्सास प्रांतातल्या पेशेलब्रॉन इथे श्लुम्बर्जे बंधूंच्या चमूने विहिरीत विजेची उपकरणं सोडून खडकांचा विद्युतरोध मोजला. फार मोठी झेप होती ती. पण त्यासाठी खोदणं थांबवून पाईप बाहेर काढावा लागे. म्हणजे निकाल नेहमी मागाहून.

खोदता खोदता कळावं, ही गरज उरलीच. ती भागवणारी सेवा १९३९ च्या सुमारास अमेरिकेत धंदा म्हणून सुरू झाली आणि १९४० साली जॉन हेवर्ड यांनी रोटरी विहिरींच्या सलग नोंदीवर लिहिलेल्या निबंधात तिची रीत मांडली. महत्त्वाचा शब्द आहे सलग. अधूनमधून वास घेणं नको, चिखल आणि चुरा अखंड मोजायचा, लॅग वजा करायचा आणि प्रत्येक आकडा योग्य खोलीसमोर लिहायचा.

यंत्र साधंच. चिखल जिथे बाहेर पडतो तिथे एक घुसळणी बसवलेली असते. ती ताक घुसळल्यासारखा चिखल घुसळते आणि सुटलेला वायू नळीतून केबिनमध्ये खेचला जातो. तिथे एक तापलेली तार असते. ज्वलनशील वायू तारेवर जळला की तार आणखी तापते, तिचा विद्युतरोध बदलतो आणि काटा हलतो. जोडीला अतिनील दिवा असतो. अंधाऱ्या पेटीत चुरा धरला की तेल असलेले कण चमकतात.

या केबिनमध्ये बसणाऱ्याला नाव मिळालं मडलॉगर. त्याच्यासमोर कागदाची लांबच लांब पट्टी. वरून खाली खोली वाढत जाते आणि आडव्या रकान्यांत खोदाईचा वेग, दगडाचा प्रकार, वायूचं प्रमाण, तेलाची चमक.

आता खरी कसोटी ऐका. समजा मध्यरात्री खोदाईचा वेग अचानक दुप्पट झाला. म्हणजे मऊ, सच्छिद्र थर लागलाय. तेल असू शकतं. वेगाची बातमी लगेच मिळते, वायूची अर्ध्या तासाने आणि चुरा आणखी थोडा मागून, कारण जड कण चिखलात मागे घसरतात. खोदत राहिलात तर पुरावा हातात येईपर्यंत पाच मीटर संपले. थर सहा मीटरचाच असेल तर अखंड नमुना, म्हणजे कोअर, कापून घ्यायची संधी गेली. थांबलात तर अख्खी रिग अर्धा तास नुसता चिखल फिरवत बसणार. आणि रिगचं भाडं काही थांबत नाही. रिगवरच्या साहेबाला उठवून, थांबा असं सांगायचं की नाही, हा निर्णय कागदाच्या पट्टीवरच्या एका रेघेवरून घ्यायचा. मडलॉगरच्या नोकरीतली खरी जोखीम ही.

वायू आहे, पण कुठला?

तापलेल्या तारेची एक मर्यादा होती. वायू जळाऊ आहे एवढंच तिला कळे. आणि जळाऊ वायू तर दगडी कोळशाच्या थरातूनही भरपूर येतो!

इथे मदत आली प्रयोगशाळेतून. १९५२ साली ब्रिटनमध्ये अँथनी जेम्स आणि आर्चर मार्टिन यांनी गॅस क्रोमॅटोग्राफी दाखवून दिली. मिश्र वायू एका लांब नळीतून पाठवायचा. आतल्या पदार्थाला हलके रेणू कमी चिकटतात, जड रेणू जास्त. म्हणून ते नळीच्या दुसऱ्या टोकाला एकामागोमाग एक, वेगवेगळे पोचतात. पुढे हे यंत्र रिगवरच्या केबिनमध्ये आलं आणि मडलॉगरला एका आकड्याऐवजी पाच मिळू लागले: मिथेन, इथेन, प्रोपेन, ब्युटेन आणि पेंटेन.

मग १९६९ मध्ये बी. ओ. पिक्सलर यांनी एक फार कामाची गोष्ट मांडली. वायू किती आला हे बघू नका, कुठला वायू कुठल्याच्या किती पट आला ते बघा. कारण एकूण प्रमाण अनेक गोष्टींनी बदलतं. पंपाचा वेग, खोदाईचा वेग, चिखलाचं वजन, घुसळणी किती बुडालीय. पण हे बदल पाचही वायूंवर साधारण सारखेच होतात, त्यामुळे भागाकार केला की बरेचसे छाटले जातात.

त्यांच्या अनुभवातून आलेले ढोबळ आकडे असे. मिथेन भागिले इथेन. उत्तर २ ते १५ आलं तर तेल असण्याची शक्यता. १५ ते ६५ आलं तर वायू. ६५ च्या वर गेलं तर नुसता हलका वायू, व्यापारी उत्पादनाची आशा कमी. २ च्या खाली आलं तर उरलंसुरलं जड तेल, जे वाहणार नाही. समजा एका थरात मिथेन ६,००० आणि इथेन १,००० एकक आला. भागाकार ६, म्हणजे तेलाचा पट्टा. दुसऱ्या थरात मिथेन ९,००० आणि इथेन ३००. भागाकार ३०, म्हणजे वायू. गंमत बघा, दुसऱ्या थरात काटा जास्त हलला, पण तेल बहुधा पहिल्यात आहे. नुसत्या तापलेल्या तारेवर विसंबलेला माणूस दुसऱ्याकडे धावला असता.

१९८५ मध्ये हॉवर्थ, सेलेन्स आणि व्हिटेकर यांनी ही रीत पुढे नेली. एकूण वायूत मिथेन सोडून बाकीच्या जड वायूंचा वाटा किती टक्के, याला त्यांनी ओलेपणा म्हटलं. साधारण अर्धा ते साडेसतरा टक्के असेल तर वायू. साडेसतरा ते चाळीस असेल तर तेल. चाळीसच्या वर बहुधा उरलेलं जड तेल. शिवाय आणखी दोन गुणोत्तरं दिली, म्हणजे एकाने चकवलं तर दुसऱ्याने सावध करावं.

चिखल खोटंही बोलतो

आकडे आले म्हणजे प्रश्न सुटला असं मात्र समजू नका. चिखलात घर्षण कमी करायला डिझेल किंवा तेल मिसळलेलं असेल तर वायूचे आकडेही फिरतात आणि चुराही चमकतो. पाईपच्या आट्यांना लावलेलं ग्रीस अतिनील दिव्याखाली चमकतं. काही खनिजं तर जात्याच चमकतात. बिट फार वेगाने फिरलं तर त्याच्या उष्णतेने चिखलातलं तेल तुटून नवेच वायू तयार होतात. पाईप बदलायला पंप बंद केला की दाब जरा उतरतो आणि तेवढ्यात थोडा वायू आत शिरतो. एकदा वर आलेला वायू नीट बाहेर पडला नाही तर तो चिखलाबरोबर पुन्हा खाली जाऊन पुन्हा वर येतो आणि नवा थर लागल्याचा भास होतो.

उलटंही घडतं. चिखल गरजेपेक्षा जड असेल तर तो बिटच्या पुढच्या खडकातलं तेल-वायू आधीच मागे रेटतो. मग चांगल्या थरातूनही वर फारसं काही येत नाही. म्हणजे वायू दिसला म्हणून तेल आहे असं नाही आणि दिसला नाही म्हणून तेल नाही असंही नाही.

म्हणून मडलॉग एकटा निकाल देत नाही. तो संशयित थर दाखवतो. मग विजेची आणि इतर मापं घेतात आणि शेवटी थर प्रत्यक्ष वाहता करून चाचणी होते. पण साखळीची पहिली कडी तोच. त्याने ज्या थराकडे बोट दाखवलं नाही, त्या थरावर पुढचा खर्च करायला कोण तयार होणार?

मुंबईपासून १६० किलोमीटर

आता आपल्या समुद्रात येऊ. एक रुपयाची नोट हातात आली तर मागची बाजू बघा. समुद्रात उभी असलेली रिग दिसेल. तिचं नाव 'सागर सम्राट', जपानमध्ये बांधलेली. १९६० च्या दशकाच्या मध्यात 'अकादेमिक अर्खांगेल्स्की' या सोव्हिएत जहाजाने पश्चिम किनाऱ्याजवळच्या समुद्रतळाची भूकंपलहरींनी पाहणी केली आणि मुंबईच्या पश्चिमेला सुमारे १६० किलोमीटरवर एक मोठा उंचवटा दाखवला. पण उंचवटा म्हणजे फक्त भांडं. भांड्यात काय आहे हे लहरी सांगत नाहीत. ते खोदूनच कळतं.

३१ जानेवारी १९७४ ला 'सागर सम्राट'ने तिथे खोदाई सुरू केली आणि फेब्रुवारीत तेल लागलं. २१ मे १९७६ ला उत्पादन सुरू झालं. खोदाई सुरू होण्याआधी, १९७३ च्या अखेरीस, अरब देशांच्या तेलबंदीनंतर जगात तेलाचे भाव काही महिन्यांत सुमारे चौपट झाले होते. बहुतांश तेल आयात करणाऱ्या भारतासाठी मुंबई हायचा अर्थ काय होता, हे वेगळं सांगायला नको.

मुंबई हायचं मुख्य तेल चुनखडीच्या थरांत आहे आणि चुनखडी हा मडलॉगरची परीक्षा बघणारा दगड. चुऱ्यावर सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लाचा थेंब टाकला की ती फसफसते, त्यामुळे ओळखणं सोपं. पण वाळूच्या दगडासारखी तिची छिद्रं सगळीकडे सारखी नसतात. कुठे पोकळ्या, तर कुठे एकदम घट्ट. चुनखडीतलं कॅल्साइट स्वतःही अतिनील दिव्याखाली चमकू शकतं. तेव्हा ही चमक तेलाची की दगडाची? तर चुऱ्यावर द्रावक टाकून बघायचं. तेल असेल तर ते द्रावकात उतरतं आणि चमक पसरते. दगडाची असेल तर जागची हलत नाही. इतक्या बारीक तपासण्या एकेका नमुन्यावर करायच्या, तेव्हा कुठे पट्टीवर एक खूण होते.

तीच पट्टी, दुसरा अर्थ

शेवटची गोष्ट सांगितल्याशिवाय हा विषय पुरा होत नाही. मेक्सिकोच्या आखातातली मॅकोंडो विहीर, तेलकंपनी बीपी, रिग 'डीपवॉटर होरायझन'. ९ एप्रिल २०१० ला विहीर १८,३६० फुटांवर थांबवली. खरं तर आणखी खोल जायचं होतं, पण चिखल खडकात मुरू लागला होता. दाब वाढवला तर खडक फुटतो, कमी केला तर तेल-वायू आत येतो, अशी कोंडी. तोवर एक गोष्ट पक्की झाली होती. खाली भरपूर तेल होतं.

२० एप्रिलच्या रात्री विहीर तात्पुरती बंद करून निघायची तयारी चालू होती. वरच्या भागातला जड चिखल काढून समुद्राचं पाणी भरत होते. दिवसभरात बराच चिखल शेजारच्या जहाजावर चढवला गेला, त्यामुळे आत किती गेला आणि बाहेर किती आला हा ताळा नीट जुळवता येईना. ९ वाजून १ मिनिटाने, पंपाचा वेग तोच असताना, पाईपमधला दाब वाढू लागला. जड चिखल निघून हलकं पाणी येतंय म्हणजे दाब उतरायला हवा होता. ९ वाजून ८ मिनिटांनी एका तपासणीसाठी पंप बंद केले. तरीही पुढच्या पाच-सहा मिनिटांत दाब १,०१७ वरून १,२६३ पीएसआयवर गेला. तपासणी चालू असताना बाहेर पडणारा द्रव अशा वाटेने सोडला होता की मडलॉगरचा बहिर्वाह मोजणारा मीटर त्या वाटेवर नव्हताच. ९ वाजून ४९ मिनिटांच्या सुमारास स्फोट झाला. अकरा माणसं गेली.

दाबाच्या त्या रेघा नोंदल्या गेल्या होत्या. पडद्यावर दिसतही होत्या. नंतरच्या चौकशीत याच नोंदींवरून त्या रात्रीचा मिनिटामिनिटाचा क्रम लावता आला. ज्या मापांवरून विहिरीत किती कस आहे हे ठरतं, तीच मापं तो कस आता सुटून वर येतोय हेही सांगतात. मापं थांबली नव्हती. एकाच वेळी चाललेल्या चार कामांनी त्यांचा ताळा मोडला होता आणि उरलेल्या रेघेचा अर्थ वेळेत कुणी लावला नाही.

हेवर्ड यांच्या सलग या शब्दाचं मोल इथे कळतं. चिखलाची बातमी पातळ असते, उशिरा येते आणि निम्म्या वेळा फसवी असते. तिला अर्थ येतो तो फक्त मागच्या-पुढच्या नोंदींशी जोडल्यावर. एक आकडा काहीच सांगत नाही, तुटलेली साखळी तर त्याहून कमी.

आणि साखळी जपली तर तिचा उपयोग विहीर संपल्यावरही होतो. कोरडी म्हणून बुजवलेल्या विहिरीची पट्टी कपाटात राहते. त्यात पाच वायूंचे आकडे असतील तर हॉवर्थ मंडळींची १९८५ ची गुणोत्तरं १९७५ च्या विहिरीवरही लावून बघता येतात, एक रुपयाचीही नवी खोदाई न करता. भारतात अशा जुन्या विहिरींच्या आणि सर्वेक्षणांच्या नोंदी एकत्र ठेवण्यासाठी २०१७ मध्ये राष्ट्रीय डेटा रिपॉझिटरी सुरू झाली. पन्नास वर्षांपूर्वी रात्रपाळीत कुणीतरी चाळणीवरून चुरा उचलला, धुतला, दिव्याखाली धरला आणि खोली नीट लिहून ठेवली. आज ती फाईल उघडणाऱ्याला त्या माणसाचं नाव माहीत नसेल, पण सगळी भिस्त त्याच्या अक्षरावर असते.

आजच्यापुरतं इतकंच. लॅगचा किंवा गुणोत्तरांचा हिशोब कुठे अडला तर जरूर विचारा. भेटू पुढच्या भागात. तोवर ऐकत राहा, वाचत राहा!